लखनौ ते जेद्दा : अंतर, वारा आणि घड्याळ

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमौसी नावाचे गाव आहे. तेथील विमानतळाला २००८ साली चौधरी चरण सिंह यांचे नाव देण्यात आले. तरीही जुने लखनौकर आजही त्याला ‘अमौसी’ याच नावाने ओळखतात. हज यात्रेच्या दिवसांत अवधच्या खेड्यापाड्यांतून आलेले वृद्ध यात्रेकरू येथूनच जेद्दाच्या विमानात बसतात. यांपैकी अनेकांचा तो आयुष्यातील पहिलाच विमानप्रवास असतो. त्यांच्या हातातील तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ छापलेली असते. त्या वेळांवरून प्रवास किती तासांचा आहे हे काढण्याचा प्रयत्न त्यांची मुले आणि नातवंडे करतात, आणि बहुधा गोंधळात पडतात.

हा गोंधळ समजून घेण्यासाठी आपण एक काल्पनिक तिकीट घेऊ. समजा, हिवाळ्यातील एखाद्या दिवशी लखनौहून सकाळी १० वाजता सुटणारे विमान जेद्दाला दुपारी १ वाजून ३० मिनिटांनी पोहोचते. परतीचे विमान जेद्दाहून सकाळी १० वाजता सुटून लखनौला सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी पोहोचते. वरवर पाहता जाण्यास साडेतीन तास आणि येण्यास सात तास वीस मिनिटे लागतात. शहरे तीच, विमान त्याच जातीचे, मग येताना दुपटीहून अधिक वेळ का लागावा? आणि खरी गोष्ट तर याहूनही विचित्र आहे. या तिकिटावर जो प्रवास लहान दिसतो, तोच वस्तुतः मोठा आहे.

याचे उत्तर शोधताना तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या कराव्या लागतात. पहिली, दोन स्थळांमधील अंतर. ते पृथ्वीच्या आकाराने ठरते. दुसरी, प्रवासास लागणारा वेळ. तो बऱ्याच अंशी हवेच्या हालचालीवर अवलंबून असतो. तिसरी, घड्याळातील वेळ; ती माणसांनी आपसात केलेल्या ठरावाने निश्चित होते. सर्वसाधारण बोलण्यात आपण या तिन्ही गोष्टी एकत्र करतो आणि तेथेच घोटाळा होतो.

स्थानाचा निश्चय

दोन ठिकाणांमधील अंतर मोजण्यापूर्वी ती ठिकाणे पृथ्वीवर नेमकी कोठे आहेत हे ठाऊक असले पाहिजे. लखनौचा विमानतळ सुमारे २६ अंश ४६ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ८० अंश ५३ मिनिटे पूर्व रेखांश यांवर आहे. जेद्दाचा विमानतळ सुमारे २१ अंश ४१ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ३९ अंश ९ मिनिटे पूर्व रेखांश यांवर आहे. आज उपग्रहांच्या साहाय्याने हे आकडे क्षणार्धात मिळतात. पूर्वी त्यांच्यासाठी रात्रीच्या रात्री आकाशाकडे डोळे लावून बसावे लागे.

लखनौ शहराला या कामाची स्वतःची परंपरा आहे. अवधचा नवाब नसीरुद्दीन हैदर याने १८३० नंतरच्या दशकात शहरात एक वेधशाळा उभारण्यास घेतली. लोक तिला ‘तारेवाली कोठी’ म्हणू लागले. सर्वेक्षण खात्यातील अनुभवी अधिकारी रिचर्ड विलकॉक्स यांच्याकडे पुढे तिचा कारभार आला आणि १८४८ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. त्यानंतर लवकरच, १८४९ साली, नवाब वाजिद अली शाह याने ही वेधशाळा बंद केली. इमारत मात्र टिकून राहिली आणि पुढे तिच्यात बँकेचे कार्यालय आले.

एखाद्या स्थळाचा अक्षांश काढणे तुलनेने सोपे असते. ध्रुवतारा क्षितिजापासून किती अंश उंच आहे हे मोजले की तो जवळजवळ मिळतोच. रेखांशाचे तसे नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास चार मिनिटे लागतात. म्हणून दोन गावांच्या माध्यान्हीच्या वेळांमध्ये किती अंतर आहे हे कळले, की त्यांच्या रेखांशांतील अंतर कळते. लखनौ आणि जेद्दा यांच्या रेखांशांत ४१ अंश ४४ मिनिटांचा फरक आहे. त्याला चार मिनिटांनी गुणले असता २ तास ४७ मिनिटे येतात. लखनौच्या डोक्यावर आलेला सूर्य जेद्दाच्या माथ्याजवळ येण्यास एवढा वेळ लागतो. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

गोलावरील सरळ रेषा

आता अंतराकडे वळू. पृथ्वीच्या केंद्रापासून एक रेषा लखनौपर्यंत आणि दुसरी जेद्दापर्यंत ओढली आहे अशी कल्पना करा. या दोन रेषांमधील कोन गोलाच्या त्रिकोणमितीने काढता येतो आणि तो सुमारे ३८ अंश १४ मिनिटे भरतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर असते. त्यामुळे लखनौ ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे ४,२५० किलोमीटर होते.

दर्यावर्दी आणि वैमानिक हे अंतर किलोमीटरांत सांगत नाहीत, सागरी मैलांत सांगतात. त्याचे कारण या कोनातच आहे. सागरी मैल म्हणजे मुळात पृथ्वीच्या केंद्राशी एक मिनिटाचा कोन करणारे पृष्ठभागावरील अंतर. आंतरराष्ट्रीय संकेताने ते १,८५२ मीटर मानले जाते. एका अंशात ६० मिनिटे असतात. ३८ अंश १४ मिनिटे म्हणजे २,२९४ मिनिटे. म्हणून अंतरही २,२९४ सागरी मैल. कोन मोजला की अंतर हाती आले, दुसरा हिशेब करावा लागत नाही. पृथ्वी तंतोतंत गोल नाही, ध्रुवांकडे ती किंचित चपटी आहे. पण त्यामुळे या अंतरात पडणारा फरक दहा किलोमीटरांहूनही कमी आहे.

हे अंतर ज्या मार्गाने मोजले जाते त्याला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने पृथ्वीचा गोल कापला असता पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते ते बृहद्वृत्त. दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग नेहमी अशा वृत्तावरून जातो. घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरावा. दोरा आपोआप या मार्गावर येऊन बसतो.

असा दोरा ताणला असता एक मौज दिसते. जेद्दा लखनौच्या पाच अंश दक्षिणेस आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पाहिले तर विमानाने आरंभापासूनच पश्चिमेच्या थोडे दक्षिणेकडे तोंड करून निघावयास हवे. पण सर्वांत जवळचा मार्ग लखनौहून जवळजवळ थेट पश्चिमेस निघतो, किंबहुना किंचित उत्तरेकडेच झुकतो, आणि पुढे हळूहळू दक्षिणेकडे वळत जातो. दिशा बदलत जाते, तरीही मार्ग सरळ असतो. सरळपणाची ही कल्पना सपाट कागदावर वाढलेल्या डोळ्यांना चमत्कारिक वाटते, यात नवल नाही.

लखनौच्या मशिदी बांधणाऱ्या कारागिरांना मात्र ही दिशा परिचयाची होती. नमाज पढताना मक्केकडे तोंड असावे लागते, आणि मक्का जेद्दाच्या जवळच आहे. लखनौहून मक्केची दिशा बृहद्वृत्ताच्या हिशेबाने काढली तर ती पश्चिमेपासून जेमतेम एक अंश उत्तरेस येते. दूरच्या गावाहून मक्केची दिशा नेमकी कशी काढावी, हा मध्ययुगीन इस्लामी जगतातील गणितज्ञांचा आवडता आणि कठीण प्रश्न होता. अकराव्या शतकात अल्-बेरुनी याने गझनी शहरासाठी हा प्रश्न सोडविताना आधी शहरांचे अक्षांश आणि रेखांश निश्चित करण्याच्या पद्धतींवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. भारताविषयी विस्ताराने लिहिणारा जो अल्-बेरुनी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकांतून माहीत असतो, तोच हा. त्याने वापरलेली गोलाची त्रिकोणमिती आणि आजच्या विमानातील संगणकाची त्रिकोणमिती यांत तत्त्वतः काही भेद नाही. वृद्ध यात्रेकरू ज्या दिशेकडे तोंड करून आयुष्यभर नमाज पढत आला, जवळजवळ त्याच दिशेने जेद्दाकडे जाणारा सर्वांत जवळचा मार्ग निघतो.

लखनौ ते जेद्दा या अंतरापुरता दोन मार्गांतील फरक अगदी अल्प आहे. सपाट नकाशावरील रेघ धरून, नेहमी एकच दिशा कायम ठेवून गेल्यास सुमारे सतरा किलोमीटर वाढतात. परंतु अंतर जसजसे वाढते तसतसा हा फरक प्रचंड होत जातो. लखनौ ते न्यूयॉर्क हे उदाहरण घ्या. बृहद्वृत्तावरून हे अंतर सुमारे १२,०८० किलोमीटर आहे. नेहमी एकच दिशा धरून, जवळजवळ पश्चिमेकडे जात राहिल्यास ते सुमारे १४,३४० किलोमीटर होते. म्हणजे सव्वादोन हजार किलोमीटरांहून अधिक वाढ. जवळचा मार्ग लखनौहून पश्चिमेस निघतच नाही. तो उत्तरेपासून केवळ २० अंश पश्चिमेकडे कलतो, हिमालय ओलांडून उत्तर ध्रुववृत्ताच्या आत शिरतो, ७२ अंश अक्षांशापर्यंत चढतो आणि मग अमेरिकेकडे उतरतो. गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली तयार केलेल्या नकाशाच्या पद्धतीत ध्रुवांकडील प्रदेश अवास्तव ताणले जातात. त्या नकाशाची सवय झालेल्या माणसाला हा मार्ग उगाच घातलेला वळसा वाटतो. वळसा नकाशात असतो, पृथ्वीवर नव्हे.

आकाशातील सीमा

बृहद्वृत्ताला राजकीय सीमा ठाऊक नसतात. लखनौ ते जेद्दा हे वृत्त राजस्थान, सिंध, बलुचिस्तान, इराणचा मकरान किनारा, ओमानचे आखात आणि दुबईचा परिसर यांवरून जाऊन अरबस्तानच्या वाळवंटात शिरते. विमानाला मात्र या सीमांची दखल घ्यावी लागते. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण स्वामित्व मान्य केले. त्यामुळे एखाद्या राष्ट्राने आपले आकाश बंद केले, तर सर्वांत जवळचा मार्ग कागदावरच राहतो.

असे वारंवार घडले आहे. पाकिस्तानने २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपले आकाश बव्हंशी बंद ठेवले होते. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद करण्यात आले. अशा वेळी लखनौहून निघालेल्या विमानाला गुजरातच्या किनाऱ्याकडे उतरून, अरबी समुद्रावरून मस्कतच्या दिशेने जावे लागते. नकाशावर मोजून पाहिले तर या मार्गाने सुमारे शंभर किलोमीटर वाढतात, म्हणजे दहा मिनिटांहून कमी वेळ. दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना पडणारा वळसा याहून पुष्कळच मोठा असतो.

जमिनीवरील मार्गांची गोष्ट याहून वेगळी नाही. लखनौ ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे १,१८५ किलोमीटर आहे. पण कानपूर, झाशी, भोपाळ, इटारसी, भुसावळ, मनमाड असे टप्पे घेत येणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसला सुमारे १,४२५ किलोमीटर धावावे लागते. अंतर एक असते आणि वाट दुसरी असते.

हवेची नदी

विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो भोवतालच्या हवेच्या संदर्भातील वेग असतो. हवा स्वतःच वाहत असेल तर जमिनीच्या संदर्भातील वेग निराळा होतो. नावाड्याला हे सांगावे लागत नाही. प्रवाहाच्या दिशेने नाव हाकताना आणि प्रवाहाविरुद्ध हाकताना वल्ह्यांचा जोर तोच असतो. काठ मात्र एकदा भराभर मागे पडतो आणि एकदा सावकाश.

उत्तर भारतावर हिवाळ्यात अशी एक हवेची नदी वाहत असते. जमिनीपासून सुमारे १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे जेट विमाने ज्या उंचीवर उडतात जवळजवळ त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट वायुप्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून आपल्या देशावरील अशा वाऱ्यांची नोंद केली होती. परंतु दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणारी विमाने त्यांत सापडेपर्यंत जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. हिवाळ्यात या प्रवाहाचा मुख्य पट्टा हिमालयाच्या दक्षिणेस, लखनौच्या अक्षांशाच्या आसपास असतो. तेथे वाऱ्याचा वेग कित्येकदा ताशी १५० ते २०० किलोमीटर असतो. उन्हाळा सरताच हा पट्टा हिमालयापलीकडे सरकतो, आणि पावसाळ्यात भारताच्या दक्षिण भागावर उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह निर्माण होतो. या पूर्वेकडील प्रवाहाचा अभ्यास भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० नंतरच्या दशकात केला.

आता आपल्या काल्पनिक तिकिटाकडे परत येऊ. हवा स्थिर असती तर ताशी ८५० किलोमीटर वेगाने ४,२५० किलोमीटर अंतर बरोबर पाच तासांत तोडले गेले असते. पण हिवाळ्यात जेद्दाकडे जाताना समोरून येणाऱ्या वाऱ्याचा सरासरी वेग ताशी १०० किलोमीटर धरला, तर जमिनीवरील वेग ७५० किलोमीटर उरतो आणि ५ तास ४० मिनिटे लागतात. परत येताना तोच वारा पाठीशी असतो. वेग ९५० किलोमीटर होतो आणि सुमारे ४ तास ३० मिनिटे पुरतात. दोन्ही प्रवासांत १ तास १० मिनिटांचा फरक पडला.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जाताना वाऱ्याने जेवढे नुकसान केले तेवढे येताना भरून निघते, असा आपला समज असतो. तो खरा नाही. वारा नसता तर जाण्या-येण्यास मिळून दहा तास लागले असते. वाऱ्यामुळे १० तास १० मिनिटे लागली. विरोधी वाऱ्यात विमान अधिक काळ राहते आणि अनुकूल वाऱ्यात कमी काळ. म्हणून तोटा नेहमी नफ्याहून मोठा असतो.

वाऱ्याचा उपयोग करून घेण्यासाठी कधी कधी जवळचा मार्ग सोडणे शहाणपणाचे ठरते. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिक महासागराऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेण्यास आरंभ केला. हा मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरांनी लांब होता. तरीही वारा पाठीशी असल्यामुळे प्रवास सुमारे दोन तासांनी लवकर संपू लागला. लांबची वाट जवळची ठरली. अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

इंधन मिनिटांत मोजावे लागते

विमान कंपनीच्या दृष्टीने हा केवळ बौद्धिक प्रश्न नाही. विमानाचे इंजिन किलोमीटर मोजत नाही. ते जितका वेळ चालेल तितके इंधन जाळते. दीड-दोनशे प्रवासी नेणारे जेट विमान तासाला साधारणपणे अडीच टन इंधन खाते. या हिशेबाने आपल्या उदाहरणातील १ तास १० मिनिटांचा फरक म्हणजे जवळजवळ तीन टन इंधन होते. नकाशावरील अंतर पाहून दोन्ही वेळा सारखेच इंधन भरणारा माणूस एका खेपेस अनावश्यक ओझे वाहील आणि दुसऱ्या खेपेस संकट ओढवून घेईल.

म्हणून उड्डाणापूर्वी निरनिराळ्या उंचीवरील वाऱ्यांचा अंदाज घेतला जातो आणि इंधनाचा हिशेब वेळेवरून केला जातो. मुख्य प्रवासाचे इंधन, अंदाज चुकल्यास थोडे अधिक, नियोजित विमानतळावर उतरता न आल्यास दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरते, आणि तेथे पोहोचल्यावरही आणखी अर्धा तास आकाशात राहता येईल इतके इंधन जवळ असले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. डिसेंबर-जानेवारीत लखनौच्या परिसरावर पहाटे दाट धुके पसरते आणि धावपट्टी दिसेनाशी होते. तेव्हा जेद्दाहून चार-साडेचार तास उडून आलेले विमान दुसऱ्या शहराकडे वळवावे लागते. बाहेर थंडीत कुडकुडत उभ्या असलेल्या नातेवाइकांना तो कंपनीचा ढिसाळपणा वाटतो. पण विमान सुखरूपपणे दुसरीकडे जाऊ शकते ते कोणीतरी आदल्या रात्री हा हिशेब नीट केलेला असतो म्हणूनच.

तिकिटावर छापलेला वेळ हा निव्वळ उड्डाणाचा वेळही नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, क्रमाची वाट पाहणे, उतरल्यावर इमारतीपाशी येणे यांसाठी आपण वीस मिनिटे धरू. म्हणजे जाताना एकंदर ६ तास आणि येताना ४ तास ५० मिनिटे. हा खरा प्रवास.

घड्याळांचा ठराव

आता फक्त घड्याळांचा प्रश्न उरला. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरविण्यात येते. हे रेखावृत्त मिर्झापूरजवळून, म्हणजे उत्तर प्रदेशातूनच जाते. म्हणून लखनौचा सूर्य आणि लखनौचे घड्याळ यांत केवळ सहा-साडेसहा मिनिटांचे अंतर आहे. मुंबईचा सूर्य या घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असतो. मुंबईकरांनी तर १९०६ नंतरही जवळजवळ अर्धे शतक, १९५५ पर्यंत, आपली वेगळी ‘मुंबई वेळ’ चालू ठेवली होती.

सौदी अरेबियाची प्रमाणवेळ ४५ अंश पूर्व रेखांशावरून घेतलेली आहे आणि ती भारताच्या अडीच तास मागे आहे. सूर्याच्या हिशेबाने लखनौ आणि जेद्दा यांत २ तास ४७ मिनिटांचे अंतर असल्याचे आपण पाहिले. घड्याळे मात्र अडीच तासच दाखवितात. उरलेली १७ मिनिटे दोन राष्ट्रांनी आपापल्या सोयीसाठी सूर्याशी केलेली तडजोड आहे.

आता कोडे सुटते. लखनौहून सकाळी १० ला सुटलेले विमान ६ तासांनी, भारतीय वेळेप्रमाणे दुपारी ४ वाजता पोहोचते. तेव्हा जेद्दाच्या घड्याळात दीड वाजलेला असतो. परतीच्या वेळी जेद्दाहून १० ला सुटलेले विमान तेथील वेळेप्रमाणे २ वाजून ५० मिनिटांनी पोहोचते; तेव्हा लखनौत ५ वाजून २० मिनिटे झालेली असतात. जाताना घड्याळाने अडीच तास लपविले आणि येताना अडीच तास वाढविले. दोन्ही मिळून पाच तासांचा भास झाला. त्यातून वाऱ्याचा १ तास १० मिनिटांचा खरा फरक वजा जाऊन ३ तास ५० मिनिटे उरली. तिकिटावर दिसणारा फरक बरोबर तेवढाच आहे. साडेतीन तासांचा वाटणारा प्रवास वस्तुतः सहा तासांचा आहे.

हे सहा तास शरीराला मोजावे लागतात. मधुमेहाचा वृद्ध रुग्ण तिकिटावरील वेळा पाहून ‘तीन-साडेतीन तासांत पोहोचू, मग जेवू’ असे ठरवील, तर त्याला त्रास होण्याचा संभव आहे. औषधांच्या दोन मात्रांमधील अंतर घड्याळाच्या काट्यांनी नव्हे, तर सरलेल्या तासांनी मोजले जाते; यासाठी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. रमजानच्या महिन्यात रोजा धरून पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशाची स्थिती आणखी वेगळी असते. २५ अंश अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,५१० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरतो. पश्चिमेकडे ७५० किलोमीटर वेगाने जाणारे विमान त्यातील जवळजवळ अर्धा वेग पुसून टाकते. म्हणून सूर्यास्तास दोन तास उरले असताना लखनौहून निघालेल्या प्रवाशाला खिडकीतून सूर्य मावळताना दिसण्यास सुमारे चार तास लागतात. परत येताना याच्या उलट, दिवस झपाट्याने आटोपतो.

विमाने नव्हती तेव्हा अवधचे यात्रेकरू आगगाडीने मुंबईस येत आणि तेथून बोटीने जेद्दाला जात. हाजींची ही सागरी वाहतूक १९९५ साली थांबली. मुंबई ते जेद्दा हा जलमार्ग सुमारे २,३०० सागरी मैलांचा आहे. म्हणजे लखनौ ते जेद्दा या हवाई अंतराएवढाच. ताशी बारा सागरी मैल जाणाऱ्या बोटीला त्यासाठी आठ दिवस लागतील. अडीच तासांचा घड्याळांचा फरक आठ दिवसांत वाटून टाकला तर रोजचा वाटा वीस मिनिटांहूनही कमी येतो. बोटीवरील माणसाला तो जाणवतही नसे. भूक, झोप आणि नमाजाची वेळ सूर्याबरोबर आपोआप सरकत जाई. विमानाने ते आठ दिवस सहा तासांवर आणले. अंतर मात्र पूर्वी होते तेवढेच राहिले आणि घड्याळांतील फरक यात्रेकरूला आता एकाच वेळी सोसावा लागतो.

म्हणून दूरच्या प्रवासाचे तिकीट हाती आल्यावर प्रथम दोन्ही ठिकाणांच्या वेळा एकाच घड्याळात मांडाव्यात, मग किती तास होतात ते पाहावे, आणि जाण्या-येण्यात काही फरक उरलाच तर तो वाऱ्याचा समजावा. एवढा हिशेब सातवी-आठवीतील मुलालाही करता येतो. अमौसीला आजोबांना पोहोचवावयास आलेल्या नातवाने तो कागदावर करून त्यांच्या खिशात ठेवला, तर औषध केव्हा घ्यावयाचे आणि भाकरी केव्हा सोडावयाची, हे त्यांना वाटेत कोणाला विचारावे लागणार नाही.